गेलेल्या वस्तूंची वही

'अडगळ' हा शब्द मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना २०१० पासून जरा वेगळा ऐकू येतो. त्या वर्षी भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू' या कादंबरीच्या उपशीर्षकात तो 'समृद्ध' या विशेषणाचा हात धरून आला आणि आमच्यासारख्या अध्यापकांना वर्गात बोलण्यासाठी एक मोठाच विषय मिळाला. संस्कृतीची अडगळ, परंपरेची अडगळ, भाषेची अडगळ, असे आम्ही पुष्कळ बोललो. खरी अडगळ मात्र त्या सगळ्या काळात आमच्या डोक्यावर, न्हाणीघराच्या वरच्या माळ्यावर, जुन्या साडीच्या पडद्याआड पडून होती. तिच्याकडे पाहण्याची वेळ आणली ती एका सूचनाफलकाने.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी १९७१ सालची. चार मजले, लिफ्ट नाही. पुनर्विकासाच्या सभा नऊ वर्षे चालल्या, आणि मग एके दिवशी फलकावर कागद लागला : सर्व सभासदांनी सात आठवड्यांच्या आत घरे रिकामी करून ताबा द्यावा. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाची आई, म्हणजे दुसरीच्या सासूबाई, त्या घरात लग्नानंतर दोन वर्षांनी आल्या आणि पन्नास वर्षे राहिल्या. त्यांना या लेखात आम्ही दोघेही 'आई' म्हणणार आहोत, घरातही तसेच म्हणतो.

माळ्यावरून काय काय उतरले त्याची संपूर्ण यादी देण्याचा मोह आवरतो. तांब्याचा बंब, घंगाळ, कल्हई उडालेली तीन पितळी पातेली, पाटा (वरवंटा मात्र नाही), एक जाते, वळकटी बांधायचे खाकी कापड, मर्फी रेडिओचे नुसतेच खोके, लग्नातल्या आहेराच्या दोन लोखंडी ट्रंका, गोधड्या. आणि कागद. 'सत्यकथे'चे एकशे बारा अंक, दिवाळी अंकांचे गठ्ठे, शाळेची प्रगतिपुस्तके, विजेची बिले, अंतर्देशीय पत्रांची एक पिशवी, आणि आईच्या हिशेबाच्या चौतीस वह्या. १९६९ पासून २००३ पर्यंतच्या, मधले एक वर्ष सोडून.

त्या सात आठवड्यांत आम्ही काय ठेवले आणि काय दिले याचा हिशेब नंतर मांडला, तेव्हा एक प्रश्न उभा राहिला. मुंबईच्या उपनगरांत माणसांनी घरे वेळोवेळी रिकामी केली. ती कोणत्या निमित्ताने, आणि त्या त्या वेळी नेमके काय गेले? अलीकडे पसारा आवरण्याविषयी जे लेखन येते, त्यात घर आवरणारी व्यक्ती निवांत असते. जपानच्या मारी कोंदो यांच्या पुस्तकानंतर (मूळ पुस्तक २०११ चे) तर प्रत्येक वस्तू हाती घेऊन ती आनंद देते का, असे स्वतःला विचारण्याची पद्धत जगभर गेली. पद्धतीला आमची हरकत नाही. परंतु या शहराचा इतिहास पाहिला तर वस्तू हाती घेऊन विचार करण्याइतकी सवड येथील माणसाला फारच क्वचित मिळालेली दिसते.

पहिले मोठे निमित्त प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला. पुढच्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि सरकारी पथकांना घरात शिरण्याचा अधिकार मिळाला. पथके येत, सामान बाहेर काढत, भिंतींना चुना फासत, ऊन आत यावे म्हणून छपराची कौले उतरवत. अंथरुणे, कपडे, चिंध्या जाळल्या जात. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू.एच.एच.' ही इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. पुण्यात याच मोहिमेतील जुलमाचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँडवरच्या हल्ल्यात झाला, हे आपण शाळेपासून शिकतो. पण त्या अंगणांत जळालेल्या ढिगांत नेमके काय होते, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. शिकवता येणारही नाही, कारण त्याची यादी करण्याची कोणाला गरज वाटली नाही. गोरगरिबांच्या पेटीत जी काही कागदपत्रे असतील, गहाणखत, जन्मटिपण, एखादी हाताने उतरवून घेतलेली पोथी, ती चिंध्यांबरोबर गेली असणार. ज्याला दप्तर ठेवायला वाडा होता त्याचे दप्तर राहिले.

या प्लेगने उपनगरांच्या इतिहासात एक विचित्र जोडी जमवून दिली. शहरातून पळालेली माणसे साष्टीतल्या गावांकडे, वांद्रे, कुर्ला, अंधेरी या बाजूंना सरकली. आणि त्याच धास्तीने शहराचा कचराही दूर न्यायचे ठरले. तो देवनारच्या दलदलीकडे गेला. म्हणजे आमची ही उपनगरे जन्मतःच दोन कामांसाठी नेमलेली : शहरात न मावणारी माणसे ठेवणे, आणि शहराला नकोशा वस्तू ठेवणे. पुढे वस्ती वाढली तसे दुसरे काम आणखी उत्तरेकडे सरकत गेले. बोरिवलीच्या गोराईत कचराभूमी होती, ती २००७ साली बंद झाली. मुलुंड पूर्वेला हरिओम नगरजवळची कचराभूमी १९६८ च्या सुमारास सुरू झाली आणि २०१८ च्या ऑक्टोबरात बंद झाली. आमचे घर तिच्या वाऱ्यावर होते. लहानपणी पावसाळ्यात खिडक्या का लावून घेतात, याचे कारण पाऊस नाही हे आम्हाला फार उशिरा कळले.

माणसे ठेवण्याचे काम मात्र बेतशीर झाले. मुलुंड पश्चिमेची चौकोनी आखणी १९२२ च्या सुमारास क्राउन अँड कार्टर या वास्तुविशारदांनी केली. १९५० मध्ये महापालिकेची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. गृहनिर्माण मंडळाने घाटकोपरला पंतनगर, विक्रोळीला कन्नमवारनगर, अंधेरीला डी. एन. नगर अशा वसाहती उभ्या केल्या. गिरगाव-परळच्या चाळीतील एक खोली सोडून लोक या दीड-दोन खोल्यांत आले. येताना काय आणायचे आणि काय सोडायचे हा प्रश्न तेव्हा फारसा नव्हता, कारण मुळात होतेच थोडे. गावच्या घरातून चाळीत येताना निवड आधीच होऊन गेली होती. उखळ राहिले, जाते आले. जाते का आले, हे आईला विचारले तर ती म्हणते, "तुझ्या आजीने दिलं, नाही कसं म्हणायचं?" ते जाते मुलुंडच्या घरात एकदाही फिरले नाही.

या घरांत खरी उलथापालथ झाली ती पुढच्या वीस वर्षांत, आणि ती घडवून आणली बोहारणीने. आमच्या मते मराठी मध्यमवर्गाच्या सामाजिक इतिहासात बोहारणीला एक स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचे गाठोडे, आणि दुपारी दोनच्या सुमारास, घरातले पुरुष कामावर असताना, जिन्यात घुमणारी हाक. या स्त्रिया बहुतांशी गुजरातेतून आलेल्या वाघरी किंवा देवीपूजक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातल्या. जुने कपडे घ्यायचे, त्या बदल्यात स्टीलचे भांडे द्यायचे, आणि कपडे धुऊन-सांधून जुन्या कपड्यांच्या बाजारात विकायचे, असा हा धंदा. पँटला मोल जास्त, सुती साडीला कमी. जरीच्या काठाला वेगळाच भाव, कारण खरी जर जाळून तिच्यातली चांदी काढता येते. उंबरठ्यावर तास-तासभर घासाघीस चाले. पातेल्यावर झाकण मिळाल्याशिवाय आई उठत नसे आणि झाकण दिल्यावर आणखी एक शर्ट मिळाल्याशिवाय बोहारीण उठत नसे.

या उंबरठ्यावर स्वयंपाकघराचा धातू बदलला. पितळेला कल्हई लागते, कल्हईवाला हवा, आंबट पदार्थ त्यात ठेवायचे नाहीत हे लक्षात ठेवायला हवे. स्टीलला यांपैकी काही नको. पितळ मोडीत निघाले, तांबे मोडीत निघाले, वजनावर गेले. ('भंगार' हा शब्द आम्ही किती तुच्छतेने वापरतो! कोकणीत 'भांगार' म्हणजे सोने. एकाच किनाऱ्यावरच्या दोन भाषांनी जवळपास सारख्या ध्वनीचे असे दोन टोकांचे अर्थ करावेत, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते.) लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या व्यवहारात घरातील वस्तू काढून टाकण्याचा अधिकार प्रथमच पूर्णपणे बाईच्या हाती होता. दागिना मोडायचा तर नवऱ्याला विचारावे लागे, जुनी पँट द्यायची तर नाही. नवऱ्याची आवडती पँट 'चुकून' बोहारणीकडे गेल्याचे किस्से प्रत्येक घरात आहेत, आणि ते सगळेच चुकून गेले असतील असे आम्हाला वाटत नाही.

रद्दीवाल्याचा व्यवहार निराळा. 'रद्द' या अरबी मूळ असलेल्या शब्दापासून आलेली रद्दी; म्हणजे जिचे काम संपले, जी नाकारली गेली ती. तिचे मोल फक्त वजनाचे. वर्तमानपत्राचा भाव वेगळा, वहीचा वेगळा, गुळगुळीत मासिकाचा आणखी वेगळा. पण आत काय लिहिले आहे याचा भाव नाही. या दुकानांनी मराठी वाङ्मयाचे मोठे नुकसान केले आणि मोठा उपकारही केला. फाउंटनच्या पदपथावर, माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या कडेला ज्यांनी विद्यार्थिदशेत पुस्तके विकत घेतली, त्यांना ती पुस्तके कोणाच्या घराच्या आवराआवरीतून आली असतील हे माहीत असते. पहिल्या पानावर नाव असते, कधी लग्नाची तारीख असते. १९५० च्या दशकातला 'शब्द', नंतरची 'असो', 'फक्त' ही अनियतकालिके आज अभ्यासकाला हवी तर कोणा व्यक्तीच्या संग्रहाचा शोध घ्यावा लागतो. ती मुळात थोडी छापली गेली, आणि दिसायला इतकी गरीब होती की घर आवरताना पहिल्या गठ्ठ्यात जात. 'सत्यकथे'चे तसे नाही. राजा ढाले यांनी १९६९ मध्ये तिचा अंक जाहीरपणे जाळला तरी, आणि १९८२ मध्ये ती बंद पडली तरी, तिचे अंक मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांत बांधीव स्वरूपात सुखरूप आहेत.

हे आम्हाला ठाऊक होते. वर्गात शिकवतो म्हणूनच ठाऊक होते. तरीही आम्ही 'सत्यकथे'चे एकशे बारा अंक ठेवले आणि चौतीस वह्या रद्दीत दिल्या.

कसे घडले ते सांगितले पाहिजे. सहावा आठवडा होता. ठाण्याला भाड्याचे घर घेतले होते, ते मूळ घरापेक्षा लहान. पुनर्विकासाच्या करारनाम्यात सगळे काही चटई क्षेत्रात मोजलेले असते आणि हळूहळू माणूसही तसेच मोजू लागतो. चौरस फुटाला वीस हजार रुपये धरले, तर सहा चौरस फूट अडवणारी ट्रंक एक लाख वीस हजारांच्या जागेवर बसलेली असते. हा हिशेब आम्हाला शेजारच्या काकांनी करून दाखवला आणि तो डोक्यातून गेला नाही. नव्या इमारतीच्या नकाशात माळा नव्हता. आईला विचारले, या वह्यांचे काय करायचे. ती म्हणाली, "काय करायच्यात? दुधाचे हिशेब ते. देऊन टाका." रद्दीवाला संध्याकाळी आला. साडेनऊ किलो भरले. चौदा रुपयांनी एकशे तेहेतीस रुपये झाले. त्याने दीडशे दिले आणि वरचे सतरा रुपये परत मागितले नाहीत, कारण त्याच खेपेत त्याला बंब आणि घंगाळ मिळाले होते.

आम्ही दोघेही मराठीचे विद्यार्थी. इतिहासाचार्य राजवाडे आमच्या अभ्यासक्रमात होते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तो वाईत मिळालेल्या कागदांच्या आधारे. त्याच सुमारास मिरजेला वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध करीत होते. राजवाडे गावोगाव हिंडले ते या धास्तीने की वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे वाळवी खाईल, नदीत जातील, नाहीतर वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला जातील. पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी बखरींची जी झडती घेतली तिचे सार आम्ही परीक्षेत लिहीत आलो : नंतर सजवून सांगितलेल्या कथनापेक्षा व्यवहाराच्या ओघात लिहिलेला अस्सल कागद, मग तो चार ओळींचे चिठोरे का असेना, अधिक मोलाचा. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले ते असे कागद सांभाळण्यासाठीही.

त्या कसोटीने आमच्या माळ्यावर बखर कोणती आणि चिठोरे कोणते? छापील मासिके ही सजवलेली बाजू, आणि रोज रात्री नऊ वाजता पेन्सिलीने लिहिलेले दुधाचे, रॉकेलचे, इस्त्रीचे आकडे हे अस्सल साधन. राजवाड्यांवर पंधरा गुणांचे टिपण लिहिणाऱ्या दोघांनी नेमके उलटे केले. छापलेल्या अक्षरासमोर आपोआप मान तुकते आणि घरातल्या बाईच्या हस्ताक्षरासमोर तुकत नाही, हा आमच्या शिक्षणाचा दोष की आमचा, यावर आमचे दोघांचे अजून एकमत नाही.

नुकसानीची जाणीव झाली तीही या लेखामुळे. बोहारणीविषयी लिहिताना प्रश्न पडला की आमच्या घरात स्टीलचे पहिले पातेले कधी आले. आईला वर्ष आठवेना. ती सहज म्हणाली, "वहीत असेल ना." तिच्या प्रत्येक वहीच्या शेवटच्या दोन पानांवर 'गेलेल्या वस्तू' असा मथळा असे, हे तेव्हा आम्हाला समजले. कोणती साडी, किती पँटी, कोणते भांडे, कोणाला दिले आणि बदल्यात काय आले. चौतीस वर्षांत एका घरातून काय काय बाहेर गेले याचा लेखी पुरावा घरातच होता, आणि घर रिकामे करताना आम्ही तोच बाहेर घातला.

येथे कोणी म्हणेल की महापुरात गेले असते तर काय केले असते? प्रश्न योग्य आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुर्ला, कलिना, अंधेरी, घाटकोपरच्या तळमजल्यांवरच्या हजारो घरांनी दुसऱ्या दिवशी आपले सामान रस्त्यावर आणून टाकले. घाटकोपरच्या आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांची प्रबंधासाठी केलेली बारा वर्षांची टिपणे त्यात होती. पुढचे चार दिवस त्यांनी एकेक कार्ड दोरीवर वाळत घातले. शाई उतरून गेली होती, कार्डे राहिली. ते तो विषय पुन्हा काढत नाहीत. परंतु पुराने नेलेल्या वस्तूंचा शोक करता येतो. शेजारी येतात, चहा होतो. दीडशे रुपयांना स्वतः विकलेल्या वस्तूंचा शोक कोणाजवळ करावा?

मात्र एवढ्यावर हा विषय थांबवला तर तो आमच्या पश्चात्तापाचा लेख होईल, आणि पश्चात्तापात एक अहंकार असतो. वह्या आमच्या नव्हत्याच. ज्यांच्या होत्या त्यांनी त्या टाकायला सांगितल्या होत्या. त्यांच्या मनात काय होते, हा विचार आम्हाला तुकोबांनी करायला लावला.

महिपतीने सांगितलेल्या चरित्रात असा प्रसंग आहे की तुकोबांच्या घरी सावकारी होती, लोकांकडून येणे असलेली खते घरात होती. दुष्काळाने घर उद्ध्वस्त झाल्यानंतर तुकोबांनी ती इंद्रायणीत बुडवायचे ठरवले. धाकट्या भावाने, कान्होबाने, आपला संसार पुढे केला; तेव्हा त्याचा अर्धा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. आता इतिहासाच्या अभ्यासकाच्या डोळ्यांनी पाहा : सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या देहूच्या एका कुणबी-वाणी कुटुंबाची कर्जखते! आर्थिक इतिहासाचे केवढे मोठे साधन पाण्यात गेले. राजवाडे काठावर असते तर त्यांनी उडी मारली असती. पण त्या खतांवर ज्यांची नावे होती त्यांच्या दृष्टीने तो दिवस सुटकेचा होता, आणि सोडणाऱ्याच्या दृष्टीनेही. पुढे याच नदीत त्यांच्या अभंगांच्या वह्या गेल्या, त्या मात्र इतरांच्या दडपणामुळे. परंपरेने दुसरी घटना जिवापाड जपली, त्या वह्या तरल्याची कथा सांगितली. खते तरली असे कोणीही सांगितले नाही, आणि तरावीत अशी कोणाची इच्छाही नसावी.

घर रिकामे करण्याच्या या दोन तऱ्हा एकाच नदीवर, एकाच माणसाच्या आयुष्यात दिसतात, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. आईच्या वह्या यांपैकी कशात बसतात? आम्ही त्यांना अभंगांच्या वह्या समजत होतो. तिच्या लेखी त्या खते असू शकतील.

एक वही सापडली. १९७३ ची, मधले जे वर्ष नव्हते तेच. ठाण्याच्या घरी ट्रंक उघडली तेव्हा तळाला अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ती होती. वरचे पुठ्ठे गेलेले, पाने शाबूत, आणि प्रत्येक पानाला क्रमांक घातलेला. दुष्काळाचे आणि महागाईचे वर्ष ते. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी घेऊन बायका रस्त्यावर उतरत होत्या त्या काळातले. वहीत घोषणा नाहीत. शिधावाटपावर मिळालेली मिलो ज्वारी आहे, आणि तिच्यापुढे कंसात 'लाल' एवढाच शेरा. रॉकेलच्या नोंदी आहेत, त्यात कधी लिटर आहे आणि कधी नुसतेच 'मिळाले नाही'. एका मंगळवारी लोकलचे भाडे दोन माणसांचे, आणि त्याच ओळीत शेजारणीचे नाव. मोर्चाला गेली होतीस का, असे विचारल्यावर आई म्हणाली, "तेव्हा सगळ्याच जायच्या." आम्ही मृणालताईंवर भाषणे ऐकली आहेत, अंकांतले लेख वाचले आहेत; आपल्या घरातली बाई त्या गर्दीत होती हे आम्हाला दोन तिकिटांच्या भाड्याने सांगितले. शेवटच्या दोन पानांवर 'गेलेल्या वस्तू' आहेतच. एक नऊवारी, दोन पँटी, एक लोकरी बंडी. आले ते स्टीलचे पातेले, झाकणासह. आमच्या प्रश्नाचे उत्तर निदान या वर्षापुरते मिळाले.

वहीत आणखीही काही आहे. मार्चपासून जुलैपर्यंत हातउसन्यांची एक रांग आहे, नावांसह आणि परत केल्याच्या खुणांसह. काही नावांपुढे खूण नाही. ती नावे याच इमारतीतली आहेत. त्यांची मुले आमच्याबरोबर पुनर्विकासाच्या सभेला बसत होती.

या वहीचे काय करावे म्हणून आम्ही एका जुन्या ग्रंथालयात चौकशी केली. ग्रंथपालांनी आपुलकीने ऐकून घेतले आणि कपाटांकडे बोट दाखवले. त्यांच्याकडेच निर्लेखनाचे काम चालू होते. ग्रंथालयाच्या भाषेत पुस्तक टाकून देत नाहीत, त्याचे निर्लेखन करतात. दाखलनोंदवहीत तांबड्या शाईने रेघ मारतात. जागा त्यांनाही चौरस फुटांतच मोजावी लागते. हस्तलिखित हिशेब ठेवण्याची तरतूद नाही, असे ते म्हणाले, आणि छायाचित्रे घेऊन ठेवा, असा सल्ला दिला. जाता जाता त्यांनी विचारले की 'सत्यकथे'चे अंक देणार आहात का. त्यांना त्यांतले सात अंक हवे होते. आम्ही ते दिले. उरलेले एकशे पाच ठाण्याच्या घरात पलंगाखाली आहेत आणि आम्ही ते अद्याप एकदाही उघडलेले नाहीत.

छायाचित्रे घेण्यापूर्वी वही आईला दाखवली पाहिजे असे आम्हाला वाटले. एवढी समज तरी या प्रकरणातून आली होती. तिने चष्मा लावून, भिंग घेऊन ती दुपारभर वाचली. मधूनच हसली. मिलोच्या भाकरीला कसा चिकटपणाच नसे आणि ती तव्यावर टाकताना कशी मोडे, हे तिने सुनेला हाताने करून दाखवले. बोहारणीचे नाव तिला अजून पाठ होते. मग चहा झाल्यावर तिने वहीतले एक पान काळजीपूर्वक, शिवणीजवळ बोट दाबून, फाडून घेतले, त्याची घडी केली आणि वही आमच्यापुढे सरकवली.

"आता काढा तुमचे फोटो," म्हणाली.

आम्ही सर्व पानांची छायाचित्रे क्रमाने घेतली. पृष्ठ ४१ व ४२ पुढे यादीत 'उपलब्ध नाही' असे लिहिले आहे.